सावलीची गोळी

माझी बायको रेवंता उन्हानं मेली, पण तिला ऊन लागलं नव्हतं. हे ऐकायला विचित्र वाटेल, म्हणून आधी गोळीचं सांगतो.

पाकिटावर तिचं नाव लांबलचक आहे. आमच्या येरमटोल्यात ते कोणाला नीट म्हणता येत नाही, म्हणून सगळे तिला सावली म्हणतात. सकाळी एक गोळी पोटात गेली की संध्याकाळपर्यंत ऊन जाणवत नाही. अंगाची लाही होत नाही, डोकं गरगरत नाही, जीव घाबरा होत नाही. भर वैशाखात बाई मोहाच्या झाडाखाली बसल्यासारखी काम करते.

उन्हाळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. माझ्या लहानपणी पारा सत्तेचाळीसला गेला तर लोक ते साल लक्षात ठेवत. आता एप्रिलमध्येच तो तिथं असतो आणि मे महिन्यात पन्नासला शिवून येतो. तेंदूपत्त्याचा हंगाम नेमका तेव्हाच. तेंदूचं पान कोवळं आहे तोवर तोडावं लागतं, जून झालं की विडीच्या कामाचं राहत नाही. सगळा खेळ पंधरा-वीस दिवसांचा. पूर्वी बाया पहाटे जंगलात जात, ऊन चढेपर्यंत पानं तोडत, मग घरी बसून सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधत आणि दुपारून फळीवर नेत. फळी म्हणजे गावाबाहेरचं उघडं मैदान, तिथं पुडकी वाळायला मांडतात. आता सूर्य उगवला की ऊन चढलंच. गोळी न घेता गेलेली बाई ओटी अर्धी भरते न भरते तोच परत येते.

मी पंप दुरुस्त करणारा माणूस. रेवंता गेल्यावर तालुक्याच्या दवाखान्यातल्या शिरभाते डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सगळं सांगितलं. मला कळेल अशा भाषेत सांगितलं, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

त्या म्हणाल्या, ही गोळी उन्हासाठी बनवलेलीच नव्हती. पाळी जाण्याच्या वयात बायकांच्या अंगातून गरम वाफा येतात, त्यासाठी ती होती. आपल्या मेंदूच्या तळाशी एक लहानशी जागा असते. ती रक्त किती तापलं ते सारखं बघत असते. ताप वाढला की ती दोन कामं करते. एक, घाम सोडायला लावते. दुसरं, तक्रार करते. बस, पाणी पी, सावलीत जा. उन्हात माणूस लवकर थकतो तो हातपाय थकतात म्हणून नाही. हातापायांत जोर असतो, पण मेंदू आधीच ब्रेक लावतो. या गोळीनं तक्रार बंद होते आणि ब्रेकही सुटतो.

"मग घाम?" मी विचारलं.

"घाम येत राहतो. म्हणून बहुतेक बायांना काही होत नाही. पण अंगातलं पाणी संपलं की घाम थांबतो. त्यानंतर आतला ताप चढत जातो आणि तो चढतोय हे सांगणारं कोणी नसतं. बेचाळीसच्या वर गेला की मेंदू, यकृत, सगळं आतून शिजायला लागतं, दसरूभाऊ. तोपर्यंत माणूस मजेत असतो."

इंजिनाच्या तापमानाचा काटा तोडून टाकला तर इंजिन थंड होत नाही, एवढं मला समजत होतं.

रेवंता मजेतच होती. फळीवर पुडकी उलटी करताना ती सोबतच्या योगिताची थट्टा करत होती. "तुह्या नवऱ्याले बोलाव ना पुडकी उलटवाले. विडी त लय झोकात ओढते." बाया हसल्या, तीही हसली, आणि हसताना खाली बसली. बायांना वाटलं, हसून हसून बसली. आमची मुलगी प्रणाली जवळच होती. तिनं आईचा हात धरला तर तो उन्हातल्या पत्र्यासारखा होता.

लोक मला सांगतात, तिला त्रास झाला नाही. मला तेच सहन होत नाही. तिला कळलं तरी असतं.

तसं पाहिलं तर गावात दारूबंदी आणणारी बाई तीच. तरुणपणी गावातल्या बाया गोळा करून तिनं दारूच्या भट्ट्या बंद पाडल्या होत्या. म्हणून ही गोळी आली तेव्हा मला वाटलं, हीच आता विरोध करील. पण तिनं पहिल्याच दिवशी घेतली.

"दारूले नाही म्हनत होतीस आन हे चालते?" मी म्हणालो.

"दारू पिऊन नवरा बायकोले मारते. गोळी खाऊन मी कोनाले मारते?"

"स्वतःले."

"माह्या जीवाचं मी पाहीन. का थे बी सरकारलेच विचारू?"

"सरकार आपल्या भल्यासाठीच—"

"आपल्या पानाची विडी ओढून कुठंतरी कोनी खोकतेच ना, प्रणालीचे बाबा? थे कवा आनलं आपन सभेत? आन तुम्ही खर्रा सोडा पहिले, मंग मले शिकवा."

मी तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकायला बाहेर गेलो. बोलण्यात मी तिला कधी पुरा पडलो नाही.

त्या वर्षी राज्यात ठिकठिकाणी माणसं गेली. वीटभट्ट्यांवर, रस्त्यांच्या कामांवर, बांधकामांवर. शहरात मोर्चे निघाले, गोळी बंद करा म्हणून. मग दुसरे मोर्चे निघाले, बंद करू नका म्हणून, आणि त्यांत जास्त करून बायाच होत्या. सरकारनं आधी हातात बांधायच्या पट्ट्या वाटल्या. ताप वाढला की पट्टी वाजणार. पण पट्टीला कळतो कातडीचा ताप, आतला नाही. उन्हात कातडी आधी तापते, त्यामुळे ती सकाळीच ओरडायला लागायची आणि मग दिवसभर थांबायची नाही. बायांनी दोन दिवस ऐकलं आणि पट्ट्या म्हशींच्या शिंगांना बांधून टाकल्या. मग पुढच्या उन्हाळ्याआधी सरकारनं कायदा केला की राज्यभर बंदीही नाही आणि मोकळीकही नाही. ज्या गावाची सभा होय म्हणेल तिथं गोळी मिळेल. जी म्हणणार नाही तिथं मिळणार नाही.

आमची सभा गोटुलात बसते. गोटुल म्हणजे गावाचं सामाईक घर. आमच्याकडे हात वर करून मोजत नाहीत. सगळ्यांचं एक झालं तरच निर्णय होतो. एकानं जरी नाही म्हटलं तरी विषय जिथं असेल तिथंच राहतो. अशानं वेळ लागतो, पण गावात दोन तट पडत नाहीत. आजवर आम्हाला याचा अभिमान होता.

"सरकारनं हात झटकले गा," सभेचा अध्यक्ष देवाजी म्हणाला. "आता आपलं आपन पाहा."

"पाहाचं काय त्यात?" योगिता म्हणाली. "नदीपलीकडच्या रानवाहीवाल्यायनं होय म्हटलं. त्यायच्या बाया दुपारपर्यंत तोडतात. आपन का पान जून होयेपर्यंत घरात बसाचं?"

योगिताची म्हातारी सासू, कौतिका बुडी, कोपऱ्यातून म्हणाली, "मी सारी जिंदगी उन्हात तोडलं. गोळी नाही न काही नाही."

"बुडे, तवा ऊनच नव्हतं," मागून कोणीतरी म्हणालं, आणि लोक हसले.

देवाजीनं एकेकाला विचारलं. होय, होय, होय. प्रणालीनंही होय म्हटलं. मग तो माझ्याकडे वळला आणि त्यानं नजर खाली केली.

"माझं नाही," मी म्हणालो.

माझ्या घरात काय झालं ते सगळ्यांना माहीत होतं. सभा उठली.

घरी प्रणालीनं ताट माझ्यापुढे ठेवलं आणि स्वतः बसली नाही.

"गावाचं तोंड बांधलं तुम्ही, बाबा."

"तुह्या मायले काय झालं तुले माहीत नाही?"

"मले नाही माहीत? माह्याच मांडीवर होती थे."

"मंग?"

"मंग काय? पंपाले कोन बोलावते तुमाले आता?"

ते खरं होतं. आताचे सौरपंप सीलबंद येतात. बिघडला की कंपनीचा माणूस येऊन जुना काढतो, नवा बसवतो. त्यात पाना घालायला जागाच नसते. मी शेवटचा पंप कधी खोलला ते मला आठवत नव्हतं. प्रणाली नवऱ्याचं घर सोडून आली होती, आणि आमच्या दोघांचं वर्ष तेंदूच्या त्या पंधरा-वीस दिवसांवर चालत होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती नदीपलीकडे रानवाहीला जायला लागली. तिथल्या ठेकेदाराला बाहेरच्या बाया चालत होत्या, गोळी तोच द्यायचा. मी तिला अडवलं नाही. जिला मांडीवर घेऊन वाढवली तिला दारात आडवं होऊन कसं अडवायचं ते मला माहीत नाही. ज्यांना माहीत असेल त्यांनी सांगावं.

एका दुपारी रानवाहीचा एक जण तिला मोटारसायकलवर सोडून गेला. ती गाणं गुणगुणत आत आली. चेहरा लाल, पण कोरडा. घामाचा टिपूस नाही. मी मानेला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला.

"बस. पानी पी."

"तहान नाही ना, बाबा. मस्त वाटते."

मी बादली आणून तिच्या डोक्यावर ओतली. ती चिडली. "थंडं लागते! काय करून राहिले?" मी ओतत राहिलो. नंतर ती कुडकुडत उन्हात जाऊन बसली आणि मी तिला ओढून परत सावलीत आणलं. असं दोनदा झालं. तिला ते भांडण वाटलं.

त्या दिवशी मला कळलं की माझ्या नाहीचा काही उपयोग नव्हता. गोळी ती घेतच होती. फक्त माझ्या नजरेआड, आणि ज्याला तिच्याशी काही देणंघेणं नाही अशा माणसाच्या हातून.

मी देवाजीला सभा बोलवायला सांगितली.

"माझं होय आहे," मी म्हणालो. "पन एक अट. जे गोळी घेईल तिच्यासंगं एक गोळी न घेतलेला मानूस पायजे. घरचा का शेजारचा, कोनी बी. त्याले ऊन लागंल. त्यानं पुरे म्हटलं का दोघायनंबी घरी याचं. मंग ओटी भरली असो का नसो."

लोकांना ते पटलं. काटा तुटलेल्या इंजिनाशेजारी चालू काट्याचं इंजिन ठेवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"त्या मानसाले काय म्हनाचं गा?" देवाजीनं विचारलं.

"कोरा म्हना," योगिता म्हणाली. "त्याच्या पोटात काही नाही ना."

"तुही सासूच घे मंग कोरी," सपना म्हणाली. सपना ही प्रणालीची मैत्रीण. "आयुष्यभर कोरीच राहिली बिचारी." कौतिका बुडीही त्यावर हसली. सगळ्यांचं होय झालं. जोड्या ठरल्या. प्रणालीचा कोरा मी.

मी कधी पानं तोडली नव्हती. जंगलात शिरलो की पहिल्या घटकेलाच समजायचं की हवा नाकात जाताना भाजते. प्रणाली एका झुडपावरून दुसऱ्या झुडपावर अशी जायची जसं कोणी बाजारात भाजी निवडतंय. मी तिच्या मागं पाण्याचा कॅन घेऊन. मी म्हणेन तेव्हा ती प्यायची, माझ्यासाठी प्यायची. मी थोड्या थोड्या वेळानं तिची मान चाचपायचो. पहिले काही दिवस ती हसायची, "म्हैस विकत घेता का, बाबा?"

आणि मी खोटं बोलायचो. मला अजून सोसत असायचं, तरी मी पुरे म्हणायचो. डोळ्यांपुढे अंधारी आली, पाय कापतात, असं काहीबाही. ती लगेच ओटी आवरायची, माझा दंड धरायची, आणि आम्ही परत यायचो. मला आनंद व्हायचा. वाटेत मी जरा जास्तच लंगडायचो.

पण ती बघत होती. इतर जोड्या उशिरा येत होत्या. फळीवर आमच्या पुडक्यांची ओळ आखूड दिसायची.

"बाबा, काल बी याच झाडापाशी झालं तुमाले."

"ऊन बी तेच आहे."

"आन सपनाच्या काकाले नाही होत? थे तुमच्याहून म्हातारे आहेत."

"त्यायले काय होते थे मले काय माहीत?"

"खरं सांगा."

"खरंच सांगतो."

वाटेत तिनं माझा दंड धरला नाही.

जोड्यांचं असं काही होईल हे आमच्यापैकी कोणाच्या मनात आलं नव्हतं. योगिताची कोरी म्हणून कौतिका बुडी जात होती. त्या बुडीनं जन्मात कधी कामाला पुरे म्हटलं नव्हतं. सून तोडतेय, घरात येतंय, तर आपल्यामुळे कशाला थांबावं, असं तिनं ठरवलं असणार. योगिता तिला घडीघडी विचारायची आणि ती म्हणायची, तोड, तोड. एका सकाळी योगितानं विचारलं आणि उत्तर आलं नाही.

बुडीचा जीव वाचला. पण ती आता कोणाला ओळखत नाही आणि तिचा एक हात चालत नाही.

त्या दिवशी मी स्वतः घरोघर जाऊन लोकांना गोटुलात आणलं. मी म्हणालो, आता पुरे झालं. गोळीच बंद करू. जोडीनं होत नाही. गोळी न घेणारा मरायला लागला.

"बुडीनं बोलाले पायजे होतं," देवाजी म्हणाला. "नियम चांगलाच होता गा."

"कोनी बोलत नाही," मी म्हणालो. "घरच्यासाठी कोनी पुरे म्हनत नाही."

"तुम्ही म्हनता ना," प्रणाली म्हणाली. हळूच म्हणाली, पण ऐकू गेलं. दोघं-तिघं हसले.

देवाजीनं विचारायला सुरुवात केली. पुष्कळांनी बंदीला होय म्हटलं. मला आशा वाटायला लागली. मग तो योगितापाशी आला. ती सकाळपासून दवाखान्यात होती, डोळे सुजले होते. मला वाटलं, ही तर नक्की.

"माझं नाही," योगिता म्हणाली.

"अगे, तुह्याच सासूले—" मी म्हणालो.

"माह्याच सासूले. मंग आता दवाखान्याचं काय विकून करू, दसरूभाऊ? आता त मले जास्त तोडा लागते. जाऊन येऊन तिले भरवा बी लागते. तुम्ही बंद करान, मी रानवाहीले जाईन, आन बुडी घरी एकटी राहील. असं करू का?"

तिच्या एका नाहीनं बंदी अडली, जशी माझ्या एका नाहीनं गोळी अडली होती. माझं होय मी दिलं होतं, आणि ते परत घ्यायला आता सगळं गाव लागत होतं. शिरभातेबाईंना मी फोन केला. त्या म्हणाल्या, "दसरूभाऊ, मी दर आठवड्याला वर कळवते. वरचे म्हणतात, निर्णय गावाचा आहे." मी म्हणालो, गाव म्हणतं निर्णय योगिताचा आहे.

दुसऱ्या सकाळी प्रणाली तयार होऊन दारात उभी होती. "चला, बाबा."

त्या दिवशी आम्ही डोंगराच्या पायथ्याशी गेलो. जवळची झुडपं संपली होती. तिथं वारा नव्हता. दगड आदल्या दिवसाचे तापलेले असतात आणि रात्रीतून थंड होत नाहीत, हे मला तिथं बसल्यावर समजलं. कॅन निम्मा झाला होता. थोड्या वेळानं माझ्या हातांना मुंग्या आल्या. झाडं जागेवरून हलायला लागली. हे मी आजवर खोटं सांगत आलो होतो, त्यामुळे खरं झालं तेव्हा मी ओळखलं.

"प्रणाली, पुरे."

ती वाकलेली होती. तिनं वर पाहिलं, माझ्याकडे नाही, सूर्याकडे.

"आत्ताच त आलो, बाबा."

"खरंच पुरे, बेटा."

"हो ना. रोजच खरं असते तुमचं." तिनं हातातली पानं ओटीत टाकली. "हे एक झुडूप करतो. मंग जाऊ."

एक झालं. तिनं शेजारचं धरलं. पान चांगलं होतं तिथं, रुंद, तांबूस कोवळं. मला ओरडायचं होतं, पण जीभ टाळूला चिकटली होती. मी दगड उचलून फेकायला गेलो, म्हणजे आवाज होईल, तर दगड हातात राहिला नाही. ती गाणं म्हणत होती. तिचा आवाज चांगला आहे, आईसारखा नाही. मी जमिनीवर गाल टेकला होता, एवढं मला आठवतं. जमीन भाजत होती आणि मला उठता येत नव्हतं.

पुढचं मला लोकांनी सांगितलं. तिनं मला पाहिलं, ओटी तिथंच टाकली, मला पाठीवर घेतलं आणि रस्त्यापर्यंत धावत आली. डोंगराच्या पायथ्यापासून रस्त्यापर्यंत मोकळ्या माणसालाही धाप लागते. रस्त्यावर सपनाच्या काकांनी गाडी थांबवली. तिथं ती हसत म्हणाली, "बाबाचं खरंच होतं आज," आणि तिचेही पाय गेले.

मी डोळे उघडले तेव्हा शेजारच्या खाटेवर ती होती. दोघांनाही सलाईन लावलेलं, काखेत आणि मानेवर बर्फाच्या पिशव्या. शिरभातेबाई मध्ये उभ्या होत्या.

"तुमचा ताप एकेचाळीसच्या आत होता," त्या मला म्हणाल्या. "हिचा त्याच्या वर होता. तुम्ही पडलात म्हणून ही थांबली. नाहीतर ही तिथंच राहिली असती."

"तिले सांगा," मी म्हणालो.

"सांगितलं."

प्रणाली माझ्याकडे बघत होती. चेहरा उतरलेला, पण डोळे शांत.

"तुमाले सोसत नाही आता, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही येऊ नका. मी सपनासंगं जातो, तिच्या काकालेच कोरं घेतो."

"बाईनं काय सांगितलं थे ऐकलं का तू?"

"ऐकलं. पन मले काहीच झालं नव्हतं. तुमचं वजन बी लागलं नाही मले."

मी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्या सलाईनची गती बघायला लागल्या.

संध्याकाळी गोळीचा असर उतरला. मला ते कळलं, कारण प्रणाली कुशीवर वळली आणि तिनं डोकं दोन्ही हातांनी धरलं. मग ती रडायला लागली. "बाबा, डोकं फुटते माझं. आंगाची आग होते." तिला ओकारी झाली. नर्सनं भांडं धरलं. माझ्या हातात सुई होती, तरी मी हात लांब करून तिची पाठ चोळली. ती लहान होती तेव्हा ताप आला की अशीच करायची.

मला बरं वाटलं. बापाला असं वाटू नये, पण वाटलं. मला वाटलं, आता तिला ऊन लागलं. दिवसभराचं, गेल्या सगळ्या दिवसांचं एकदम लागलं. आता कोणी सांगायची गरज नाही.

"पानी देऊ का?" मी विचारलं.

"द्या," ती म्हणाली, आणि स्वतःहून प्यायली. पूर्ण पेला. मग माझं बोट धरून झोपली.

मीही झोपलो. रेवंता गेल्यापासून इतका गाढ झोपलो नव्हतो.

सकाळी जाग आली तेव्हा शेजारची खाट रिकामी होती. चादरीची घडी करून उशीवर ठेवली होती. नर्स पलीकडच्या बाईची सुई बदलत होती.

"माझी पोरगी?"

"गेल्या ना त्या. तुमच्या गावाकडची गाडी जात होती. तुम्हाला उठवू नका म्हणाल्या." ती जवळ आली आणि माझा हात सरळ करून ठेवला. "हलवू नका, काका. बाटली संपायची आहे. डोकं थांबलं होतं त्यांचं. एकदम फ्रेश दिसत होत्या."

"काही खाल्लं का तिनं?"

"एक गोळी घेतली. डोक्याची असेल."

समोरच्या भिंतीवर खिडकीएवढा उजेड पडला होता. अजून तो पिवळा होता. पांढरा व्हायला थोडा वेळ होता. मी बाटलीकडे पाहिलं. थेंब पडत होते, एकामागून एक, सावकाश.